बाळंतपणानंतर वहिनी सारखी रडते. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी काय करावं?

पहिले आठ-दहा दिवस रडू येणं बऱ्याच बाळंतिणींना होतं, ते ओसरतं. पण दोन आठवडे उलटूनही तसंच असेल, बाळ झोपलं तरी तिचा डोळा लागत नसेल, तर ‘नजर लागली’ म्हणत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्या बाळाचं वजन बघतात, नाळ बघतात. तुम्ही त्यांना दारापर्यंत सोडायला जाताना वहिनीचं हळूच सांगा. टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर तिला एकटं न सोडता लगेच दवाखान्यात न्या.

आणि शेजारणींनो, डिंकाचे लाडू पुरे! दुपारी दोन तास बाळ सांभाळा, तिला झोपू द्या.