माद्रिदला जा, पण डिसेंबरच्या जोडून सुट्टीत नको

प्रश्न: मी मूळची सांगलीची, वय 24. ऑक्टोबर ते मे अशी आठ महिने स्पेनमधल्या उबेदा या गावात शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे. महिना 800 युरो मिळतात. खोलीभाडं, किराणा, फोन मिळून 480 जातात. ऑक्टोबरचे पैसे 20 नोव्हेंबरला आले, तोवर भाडं मैत्रिणीकडून उसनं घेतलं. बाबांनी ठेव मोडून दीड लाख दिले, तेही फेडायचे आहेत. डिसेंबरच्या जोडून सुट्टीत मैत्रिणी माद्रिदला निघाल्यात. माझा वाटा 320 युरो, त्यात दोन रात्रींचं हॉटेलच 170. शुक्रवारी मला शाळा नसते. जाऊ का?

उत्तर: माद्रिदला जरूर जा. फक्त या सुट्टीत नको आणि 320 युरोंत तर नकोच.

तुम्ही हिशेब एका महिन्याचा केलात: 800 मधून 480 गेले, उरलेल्या 320 मध्ये माद्रिद बरोब्बर बसतं. पण जूनपासून पगार नाही, म्हणून मी आठही महिने धरते. आठ महिन्यांत शिल्लक पडतील 2,560 युरो. बाबांचे दीड लाख, युरोला ढोबळ 100 रुपये धरले तर 1,500. परतीच्या विमानासाठी 500. राहिले 560. मेपर्यंतचं तुमचं सगळं फिरणं एवढ्यात बसवायचं आहे. त्यातले 320 तीन दिवसांत गेले तर ग्रानादा, कोर्दोबा, सेव्हिया या तिन्हींसाठी 240 उरतात, आणि ही शहरं तर तुमच्याच आंदालुसिया प्रदेशात आहेत.

बाबांचे पैसे फिटेपर्यंत कुठे फिरू नका, असं मात्र मी सांगणार नाही. आज माद्रिद तुमच्यापासून बसने काही तासांवर आहे. उद्या सांगलीहून निघायचं म्हटलं तर नुसतं विमान आणि व्हिसा यांतच याच्या कितीतरी पट पैसे जातील. चार सहली, प्रत्येकी 140 युरो, असं मनाशी पक्कं करा.

स्पेनमध्ये अशा जोडून सुट्टीला ‘पुएंते’, म्हणजे पूल म्हणतात. 6 डिसेंबरला संविधान दिन, 8 डिसेंबरला धार्मिक सुट्टी; मधला दिवसही जोडून माणसं घराबाहेर पडतात आणि हॉटेलांचे भाव चढतात. तुमच्या 320 मधला मोठा घास तिथेच गेलाय. जानेवारीच्या शेवटी जा आणि हॉटेलऐवजी हॉस्टेलमध्ये एक खाट घ्या. शुक्रवारी सकाळची बस धरा. दुपारच्या जेवणाला ‘मेनू देल दिआ’ मागा: दोन पदार्थ, पाव, शेवटी गोड किंवा फळ, सगळं एकाच ठरलेल्या दरात. हे मुख्यतः कामाच्या दिवशी मिळतं, शनिवार-रविवारी एकतर नसतं किंवा महाग असतं. संध्याकाळी 6 ते 8 प्रादो संग्रहालय फुकट असतं. रांग लागते, थोडं आधी पोहोचा. वेलास्केस आणि गोया या चित्रकारांसाठीच वेळ ठेवा, दोन तासांत सगळं होत नाही. शनिवारी संध्याकाळी 7 ते 9 रेइना सोफिया संग्रहालय फुकट, तिथे पिकासोचं ‘गेर्निका’ हे चित्र आहे. रविवारी सकाळी रास्त्रोचा जुना बाजार हिंडा आणि परतीची बस धरा.

आता माझ्या खऱ्या काळजीचं. एकदा पगार उशिरा आला, तो पुन्हा येऊ शकतो, आणि परक्या गावात भाड्यासाठी उसनवारी करायची वेळ तुमच्यावर पुन्हा येऊ नये. म्हणून परतीच्या तिकिटाचे 500 सगळ्यात आधी साठवा आणि एप्रिलपर्यंत फिरण्यासाठी त्यांना हात लावू नका. तोवर तीच तुमची अडीअडचणीची गंगाजळी. ती भरली की मग बाबांना पाठवायला लागा. दर महिन्याला थोडे थोडे पाठवू नका. प्रत्येक वेळी शुल्क कापलं जातं, त्यापेक्षा दोन महिन्यांचे एकदम पाठवा. बाबांना आजच फोन करून पहिला हप्ता कधी येईल ते सांगा.

प्रवासात भारतातलं कार्ड वापरू नका, तिथल्या बँकेचंच वापरा. कधी नाइलाज झालाच आणि एटीएमच्या पडद्यावर ‘रुपयांत की युरोत’ असं विचारलं, तर युरो निवडा. रुपये निवडलेत तर दर ते मशीन ठरवतं आणि तो बहुधा वाईटच असतो.

मैत्रिणीला आजच नाही म्हणून कळवा, म्हणजे खोलीत तुमच्या जागी दुसरं कुणी शोधायला तिला वेळ मिळेल.