८३ अहवाल आणि एक काटा-पावती

प्रश्न : आमची कंपनी द्राक्षे निर्यात करते. पॅकहाऊस पिंपळगाव बसवंतला आणि कार्यालय नाशिकमध्ये आहे. हिशेब टॅलीत, पॅकहाऊसच्या नोंदी वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये आणि बागांची माहिती एक्सेलमध्ये, अशी आमची स्थिती आहे. हे सर्व एका डेटा वेअरहाऊसमध्ये, म्हणजे सगळीकडची माहिती अहवालांसाठी एकत्र साठवण्याच्या जागी, आणायचे मालकांनी ठरवले असून गरजा गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी प्रत्येक विभागाला कोणते अहवाल हवेत ते विचारले, तेव्हा ८३ अहवालांची यादी झाली. वेअरहाऊस उभारून देणारा सॉफ्टवेअर पुरवठादार त्या यादीवर पंधरा दिवसांत सही मागत आहे. सही करावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : इतक्यात करू नये. कोणते अहवाल हवेत असे विचारले की माणसे आज जे कागद हाताळतात त्यांचीच नावे सांगतात, आणि विचारतोच आहे तर मागून ठेवू म्हणून आणखी दहा जोडतात. यादी फेकून देऊ नका. मात्र तिच्यातील प्रत्येक अहवालापुढे तो गेल्या हंगामात कोणी उघडला आणि पाहून काय केले, एवढे लिहून घ्या. ज्यांच्यापुढे काहीच लिहिता येणार नाही, ते आपोआप मागे पडतील.

त्यानंतर माणसांना भेटा. सर्वांना एका खोलीत बसवल्यास मालकांसमोर कोणीही खरी अडचण सांगणार नाही, म्हणून एकेकाला किंवा फार तर दोघांना भेटावे; आपल्या बाजूने एकाने विचारावे, दुसऱ्याने लिहावे आणि टिपण त्याच दिवशी पूर्ण करावे. हंगाम चांगला गेला हे तुम्ही कशावरून ठरवता, कोणता निर्णय माहिती उशिरा मिळाल्यामुळे चुकला, कोणत्या आकड्यावर तुमचा विश्वास नाही, अशा प्रश्नांतून गरज बाहेर येते. काट्यावर पावती फाडणाऱ्या माणसाला या भेटींतून वगळू नका. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत पॅकहाऊसमध्ये कोणालाही वेळ नसतो, तेव्हा या भेटी ऑक्टोबर छाटणीपूर्वी उरकाव्यात.

सर्वाधिक वेळ शब्दांचे अर्थ ठरवण्यात जाईल, आणि तो जाऊ द्यावा. समजा, एका बागेतून १२० कॅरेट माल आला. काट्यावर कॅरेटसह वजन २,०४० किलो भरले. प्रत्येक कॅरेटचे दीड किलो वजा केल्यावर १,८६० किलो उरले. निवडीत २४० किलो बाजूला पडले आणि साडेचार किलोच्या ३६० पेट्या, म्हणजे १,६२० किलो माल भरला गेला. त्या दिवशी आवक किती झाली? काट्यावरचा माणूस पहिला आकडा सांगेल, शेतकऱ्याचे पैसे काढणारा दुसरा आणि निर्यात पाहणारा तिसरा. तिघेही खरेच बोलत आहेत. वेअरहाऊसमध्ये मात्र ‘आवक’ या नावाखाली एकच आकडा राहू शकतो. बाकीच्या दोन आकड्यांना वेगळी नावे द्यावी लागतील, आणि ती कोणती हे सॉफ्टवेअरवाल्याने नव्हे, तुमच्या विभागप्रमुखांनी ठरवायचे आहे.

दुसरा निर्णय वेअरहाऊसच्या तक्त्यातील एका ओळीचा अर्थ काय, हा. एक ओळ म्हणजे दिवसाची बेरीज, एक काटा-पावती, की एक पॅलेट (एकत्र रचलेल्या पेट्यांचा गठ्ठा)? सातपूरच्या एका कारखान्यात मी स्वतः जागा वाचवण्याच्या नादात उत्पादनाची रोजची बेरीजच साठवली होती. पुढे पाळीनिहाय नाकारलेला माल विचारला गेला, तेव्हा सगळे नव्याने भरावे लागले. तुमच्याकडे तर परदेशात कीडनाशकाच्या अंशावरून एखाद्या खेपेविषयी तक्रार आली, तर पॅलेटपासून बागेपर्यंत मागे जावे लागते. बेरीज केव्हाही करता येते, पण बेरजेतून पावती परत काढता येत नाही.

बदलत्या माहितीचे काय करायचे, हेही आताच विचारा. सातबाऱ्यावर आजचा खातेदार दिसतो, तो कसा बदलत गेला हे फेरफार नोंदवहीत सापडते. बाग वडिलांकडून मुलाच्या नावावर गेली किंवा थॉमसनच्या जागी दुसरी जात आली, तर जुन्या हंगामाचे आकडे जुन्याच नोंदीखाली दिसायला हवेत का? हवे असतील, तर तुम्हाला फेरफार हवा, नुसता सातबारा पुरणार नाही. तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी जोडताना शेतकऱ्याच्या नावाचा आधार घेऊ नये. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असतात आणि तेच नाव तीन फायलींत तीन प्रकारे लिहिलेले असते. निर्यातीसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणक प्रणालीवर बागेची नोंदणी होते, त्या नोंदणी क्रमांकाचा आधार घ्यावा, आणि तो तुमच्या तिन्ही ठिकाणी खरोखर भरलेला आहे का हे प्रत्यक्ष फायली उघडून पाहावे.

‘रिअल टाइम’, म्हणजे घडताक्षणी माहिती, हा शब्द प्रत्येक जण उच्चारील. सकाळी अकरा वाजता आकडा कळला तर तुम्ही नेमके काय कराल, असे विचारा. कंटेनर भरताना लागणारी ताजी माहिती देणे हे पॅकहाऊसच्या सॉफ्टवेअरचे काम आहे. भाव, उतारा (आलेल्या मालापैकी किती भरला गेला) आणि बागायतदारांची तुलना यांसाठी रोज रात्री भरलेली माहिती पुरते.

आखणीसाठी डेटा वेअरहाऊसचे तज्ज्ञ राल्फ किंबॉल यांनी रूढ केलेला तक्ता उपयोगी पडेल. उभ्या बाजूला खरेदी, निवड, पॅकिंग, पाठवणी, वसुली ही कामे लिहा, आडव्या बाजूला तारीख, बाग, जात, ग्राहक, कंटेनर. जे काम ज्याला स्पर्श करते तिथे खूण करा. खुणा पाहिल्या की ‘बाग’ आणि ‘तारीख’ बहुतेक कामांत सामाईक आहेत हे मालकांनाही दिसेल. पहिल्या टप्प्यात एकच काम घ्यावे. माझ्या मते खरेदीपासून पॅकिंगपर्यंतचा उतारा, कारण पैशाचा वाद तिथेच होतो. जानेवारीपूर्वी तेवढे उभे राहिले तरी पुष्कळ झाले.

पुरवठादाराला पंधरा दिवसांनी यादीऐवजी तीन पाने द्यावीत : शब्दांचे अर्थ, एका ओळीचा अर्थ आणि पहिल्या टप्प्यात काय येणार नाही याची नोंद. त्यांवर हिशेब विभागाची आणि पॅकहाऊस प्रमुखांची सही आधी घ्यावी, मग तुमची. त्या बैठकीला जाताना गेल्या फेब्रुवारीतील एक काटा-पावती सोबत न्या आणि तिच्यावरचा कोणता आकडा ‘आवक’ म्हणून भरायचा, हे तिथेच पेन्सिलीने गोल करून घ्या.