‘सावळी, पण लावण्यवती’

प्रश्न असा आला आहे: स्थळाच्या माहितीपत्रकात ‘मुलगी सावळी, पण लावण्यवती’ असं लिहिलेलं असतं. लावण्य म्हणजे गोरेपणाच ना? मग हे वाक्य चुकीचं नाही का?

चुकीचं आहे, पण तुम्ही बोट ठेवलंत तिथे नव्हे. ‘लावण्य’ बिचारं निर्दोष आहे. खोट त्या ‘पण’मध्ये आहे, त्याच्याकडे नंतर येतो. ‘लावण्यवती’ म्हटलं की दुधासारखी गोरीपान बाई डोळ्यांसमोर आणायची आणि मग सावळ्या मुलीला तो शब्द सवलतीच्या दरात द्यायचा, हे आता फार झालं.

लावण्य म्हणजे सौंदर्य, हे कोणताही शालेय कोश सांगेल. मौज पुढे आहे. मधुर असण्याचा भाव ते माधुर्य, तसा लवण असण्याचा भाव ते लावण्य. लवण म्हणजे मीठ. शब्दशः अर्थ घेतला तर लावण्य म्हणजे खारटपणा! याच लवणाचं प्राकृतात ‘लोण’ झालं, त्यातून आपलं लोणचं आलं आणि बुलढाण्याच्या खाऱ्या सरोवराचं लोणारही. ‘अलवण’ झिजून ‘अळणी’ झालं. ‘सलवण’ हिंदीत जाऊन ‘सलोना’ झालं. म्हणजे लावण्यवतीच्या विरुद्ध काही ठेवायचंच असेल, तर अळणी ठेवा. गोऱ्या-काळ्याचा इथे संबंध येतोच कुठे?

आणि मीठच का? आमटीतलं मीठ वेगळं काढून दाखवता येत नाही, नसलं की मात्र पहिल्या घासाला कळतं. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त काव्यातल्या सूचित अर्थाला नेमकी लावण्याची उपमा दिली. ‘प्रसिद्धावयवातिरिक्त’ असं त्याचं विशेषण आहे: दिसणाऱ्या अवयवांपलीकडे जे उरतं, ते. म्हणजे ‘नाकीडोळी नीटस’ ही अवयवांची यादी झाली आणि लावण्य त्या यादीत कधीच मावणार नाही. सोळाव्या शतकात रूप गोस्वामींच्या ‘उज्ज्वलनीलमणी’त लावण्याची व्याख्या येते, तीत मोत्याच्या आत तरळणारी झळाळी आहे. मोत्याचा पांढरेपणा नव्हे, तरलता. व्याख्येत कातडीच्या रंगाला जागाच नाही.

आता माझा आवडता मुद्दा. खारं सौंदर्य आणि सावळा रंग यांची जोडी योगायोगाची नाही, असं माझं ठाम मत आहे. हिंदीत ‘साँवला’ आला की मागोमाग ‘सलोना’ येतोच. उर्दूत सौंदर्याच्या दोन जाती मानतात: उजळ, गोरं ते ‘सबाहत’ आणि सावळं, नमकीन ते ‘मलाहत’. मलाहतच्या मुळाशी अरबी ‘मिल्ह’ आहे, म्हणजे पुन्हा मीठच. दोन वेगळ्या भाषाकुळांनी सौंदर्याला मीठ म्हणावं आणि व्यवहारात ते मीठ सावळ्या रंगाच्या पदरात पडावं! मला विचाराल तर ‘लावण्यवती’वर पहिला हक्क सावळीचा. गोरीला तो शब्द उसना मिळाला आहे.

यावर कुणीतरी कालिदासाच्या ‘मेघदूता’तली ‘तन्वी श्यामा’ काढणार आणि लगेच सांगणार की इथे श्यामा म्हणजे काळी नव्हे, तरुणी. हा अर्थ ‘मेघदूता’चा टीकाकार मल्लिनाथ याचा. कोशांत तो आहे, नाकारत नाही. पण श्लोक वाचा. यक्ष मेघाला बायको ओळखायच्या खुणा सांगतोय: दातांची ठेवण, ओठांचा रंग, कंबर, डोळे, नाभी. डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांच्या मधोमध हा गृहस्थ वय सांगेल? पुढे तोच यक्ष म्हणतो की तुझं अंग मला ‘श्यामा’ वेलींत दिसतं. तिथे तर वयाचा प्रश्नच नाही. याहून कमाल म्हणजे टीकाकारांमध्ये फिरणारा तो दुसरा श्लोक: थंडीत ऊबदार, उन्हाळ्यात गार आणि ‘तप्तकाञ्चनवर्णाभा’, म्हणजे तापलेल्या सोन्याच्या रंगाची, अशी स्त्री ती श्यामा. श्यामेला सोनेरी करून टाकली! नायिका सुंदर आहे, त्या अर्थी ती सावळी नसणारच, हे आधी ठरलं आणि शब्दाचा अर्थ नंतर वाकवला. साचा असाच टिकतो. अपवाद समोर आला तर साचा मोडायचा नाही, अपवादाला रंग लावायचा. महाभारतातल्या द्रौपदीचं मात्र कुणाला काही करता आलं नाही. तिचं नावच कृष्णा.

गोरेपणाच्या सोसाचं सगळं खापर इंग्रजांच्या माथी मारणाऱ्यांशीही माझं जमत नाही. शंकराने ‘काली’ म्हणून चिडवलं, म्हणून पार्वतीने तप करून कांती पालटली आणि ती गौरी झाली, ही कथा पुराणांतली आहे. साहेबाने त्या सोसाला खतपाणी घातलं असेल, बी त्याचं नव्हे. गंमत म्हणजे ‘गौर’चा अर्थ संस्कृतात पांढरा, तसा पिवळसर आणि तांबूसही आहे आणि रानातल्या काळ्याकभिन्न गव्यालाही ‘गौर’च म्हणत.

हां, तो ‘पण’. ‘सावळी सुंदर नसते’ असं कुणी उघड लिहिलं, तर भांडता तरी येतं. ‘पण’ ते वाक्य न लिहिताच वाचणाऱ्याकडून वदवून घेतो. ‘सावळी असली तरी तरतरीत आहे हो’ असं कौतुक करणारी मावशीही तेच करते. चाचणी सोपी आहे. ‘गोरी, पण लावण्यवती’ म्हणून पाहा. कान अडखळला ना? जिथे अडखळला, तिथे साचा आहे. 2020 साली एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं, एका मोठ्या विवाहस्थळाने रंगाची चाळणी काढून टाकली. चांगलं झालं. पण ‘उजळ’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’ हे शब्द लोक माहितीच्या रकान्यात हाताने लिहितातच, तिथे चाळणी काय करणार?

तर तुमचं वाक्य: ‘सावळी, लावण्यवती’. मध्ये स्वल्पविराम पुरे.

आणि ‘मग लोणीसुद्धा लवणातूनच का?’ असं विचारायच्या आधीच सांगतो: नाही. लोणी ‘नवनीत’मधून आलं आहे.