मॅचनंतरची हुल्लड, फुटलेली काच आणि कान धरल्याचा व्हिडिओ

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात पेठेत राहतो. मुलगा साडेसोळा वर्षांचा, अकरावीला. शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची मॅच संपल्यावर दोन तालमींच्या संघांच्या समर्थकांत हुल्लड झाली, दगडफेक झाली, भाजीच्या टेम्पोची समोरची काच फुटली. संध्याकाळी पोलीस मुलाला घरातून घेऊन गेले. रात्री बाराला सोडलं, पण आधी एका कागदावर सही घेतली आणि कान धरून ‘परत असं करणार नाही’ म्हणायला लावून व्हिडिओ काढला. सकाळी तो पेठेच्या ग्रुपवर फिरत होता. आता बाल न्याय मंडळाची नोटीस आली आहे, भारतीय न्याय संहितेची कलमं १८९(२), १९१(२) आणि ३२४(४). कॉलेज म्हणतं दाखला काढून न्या. टेम्पोवाले ३५ हजार मागतात. मुलाला आर्मीत जायचंय. तो म्हणतो, ‘एक दगड मी टाकला, पण काच माझ्याच दगडानं फुटली का ते मला माहीत नाही.’ त्याचे वडील शिरोलीला फौंड्रीत आहेत. ते म्हणतात, दोन दिवस आत ठेवायला पाहिजे होता. काय करू? – एक आई

उत्तर :

ताई, आधी मुलाच्या त्या वाक्याबद्दल बोलतो. पोरगं आईजवळ एवढं खरं बोललं, हे मला या सगळ्या प्रकरणात मोलाचं वाटतं. पण कायद्यात या वाक्यानं तो सुटेलच असं नाही. पाच किंवा जास्त माणसं एका उद्देशानं जमून दांडगाई करू लागली की काच कुणाच्या दगडानं फुटली हा प्रश्न मागे पडतो. त्या जमावात जाणूनबुजून सामील असलेला प्रत्येक जण दंग्यात धरला जातो. म्हणून हे वाक्य त्यानं तुम्हाला सांगितलं तसंच वकिलाला सांगू दे. पोलिसांपुढे कबुली द्यायची सक्ती त्याच्यावर कुणालाही करता येत नाही, आणि ग्रुपवर तर एक अक्षरही लिहू देऊ नका.

दादांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, हे वाचून दाखवा. त्यांचा राग मला कळतो. दिवसभर भट्टीपाशी राबून घरी आल्यावर दारात पोलीस दिसले तर कुणाचंही डोकं फिरेल. पण अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात कुठल्याही परिस्थितीत ठेवता येत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम १० तसं स्पष्ट सांगतं. मोठ्यांबरोबर आत काढलेले दोन दिवस पोराला काय शिकवतात ते मी पाहिलंय. आत त्याला जो ‘भाऊ’ भेटतो, तो बाहेर आल्यावरही त्याला सोडत नाही.

आता नोटिशीबद्दल. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही कलमांत, म्हणजे बेकायदा जमाव, दंगा आणि मालमत्तेचं नुकसान यांत, कमाल शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे, त्यामुळे बाल न्याय कायद्याच्या भाषेत हे किरकोळ अपराध ठरतात. एकट्या मुलावर अशा अपराधासाठी एफआयआर करायचा नसतो, नुसती पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते. पण जमावात मोठी माणसं होती, आणि मोठ्यांबरोबरच्या गुन्ह्यात एफआयआर होऊ शकतो. त्यावर भांडण्यात ताकद घालवू नका. घालवायचीच असेल तर मुलाची चौकशी मोठ्यांच्या खटल्यापासून वेगळी चालेल याकडे लक्ष द्या, बाल न्याय कायद्याच्या कलम २३ नुसार ती एकत्र चालवता येत नाही. आणि पुढे १९१(३), म्हणजे घातक हत्यारासह दंगा, हे कलम वाढवलं तर लगेच वकिलाला कळवा. त्यानं प्रकरणाची वर्गवारीच बदलू शकते.

मंडळाच्या नावानं घाबरू नका. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक महिला. कठडा नाही, पुकारा नाही. बहुतेक वेळा एका टेबलापलीकडे माणसं बसलेली असतात आणि मुलाला विचारतात, ‘शाळेत काय आवडतं रे?’ गणवेशातल्या पोलिसापुढे गप्प बसलेली पोरं तिथे घडाघडा बोलताना मी पाहिली आहेत. अपराध सिद्ध झालाच, तर मंडळ समज देऊन सोडतं, समुपदेशनाला पाठवतं, समाजसेवा करायला लावतं किंवा पालकांना दंड भरायला सांगतं. विशेष गृहात, म्हणजे अपराध सिद्ध झालेल्या मुलांसाठीच्या निवासी संस्थेत, ठेवणं हा कायद्यानंच शेवटचा उपाय मानलाय. किरकोळ अपराधाची चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी दोन महिने वाढतात, त्यानंतरही अपुरी राहिली तर प्रकरण आपोआप बंद होतं. म्हणून एकही तारीख चुकवू नका. जाताना जन्मतारीख दाखवणारा शाळेचा दाखला न्या. नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका.

त्या रात्रीच्या दोन गोष्टी मात्र मला अजिबात पटलेल्या नाहीत. मुलाकडून कुठल्याही जबाबावर सही घ्यायची नसते, हे नियमांत लिहिलेलं आहे. मंडळापुढे पहिल्याच तारखेला वकिलाकरवी ते लेखी सांगा. दुसरी गोष्ट व्हिडिओची. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, चित्र, काहीही कुठल्याही माध्यमातून पसरवायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही मनाई व्हिडिओ काढून पसरवणाऱ्याला आहे तशी तो ‘बघा आपल्या पेठेचं नाव घालवलं’ म्हणत पुढे ढकलणाऱ्या काकांनाही आहे. ग्रुपवरचा मेसेज, नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. मग पोलीस अधीक्षकांकडे आणि मंडळाकडे लेखी तक्रार द्या, एक प्रत महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाला पाठवा. हा अपराध अदखलपात्र असल्यामुळे ठाण्यात लगेच गुन्हा नोंदवून घेतील असं नाही, म्हणून खेटे घालण्यापेक्षा लेखी अर्जावर पोच घ्या.

लोक मला म्हणतात, ‘वकीलसाहेब, चार पोरांचे व्हिडिओ फिरले की बाकीची सुतासारखी सरळ होतील.’ माझा अनुभव उलटा आहे. ज्या पोराची लाज गल्लीनं आधीच काढून घेतली, त्याला दुसऱ्या वेळी दगड उचलताना कसली लाज वाटणार? मी स्वतः त्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर घसा बसेपर्यंत ओरडलेला माणूस आहे. सकाळी तालमीत जोर मारणारा आणि मॅचला गालाला रंग फासून येणारा मुलगा आपलाच असतो. हुल्लड करणाऱ्यांतही तोच असतो. त्याला पेठेतून तोडून टाकला तर तो जाईल कुठे?

म्हणूनच टेम्पोवाल्यांकडे जा. काच फुटली म्हणजे त्यांची पहाटेची मार्केट यार्डाची खेप बुडाली, ती झळ खरी आहे. काचेचं आणि मजुरीचं बिल मागा, बुडालेल्या दिवसांचं बोला, रक्कम एका आईनं एकटीनं भरायचं कारण नाही, बाकीच्या मुलांचे पालकही यात बसले पाहिजेत. पैसे बँकेतून द्या. कागदावर ‘कोणताही गुन्हा मान्य न करता नुकसानभरपाई’ एवढे शब्द हवेतच, मजकूर वकिलाकडून तपासून घ्या. ३२४(४) मध्ये खासगी माणसाचं नुकसान असेल तर त्याला तडजोड करता येते. दंग्याच्या कलमात मात्र तशी मुभा नाही, त्यासाठी उच्च न्यायालय गाठावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून त्याचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय, त्यामुळे मुंबईची फेरी वाचली. पण मला वाटतं, मंडळातलं काम सरळ चाललं तर तिथवर जायची गरज पडू नये.

कॉलेजच्या तोंडी सांगण्यावर दाखला काढू नका. निर्णय लेखी मागा, मुलगा निर्दोष धरला जातो हे अर्जात लिहा, आणि लेखी आलंच तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

भरतीची काळजी तुम्हाला रात्री झोपू देत नसेल. बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं की त्या कायद्याखाली निकाल लागलेल्या मुलाला त्यामुळे कुठलीही अपात्रता येत नाही. प्रकरण बंद झाल्यावर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी त्याची नोंद पोलिसांना उघड करता येत नाही, तेही ७४ मध्येच आहे. २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अल्पवयातल्या गुन्ह्यावरून उमेदवाराला नाकारणं चूक ठरवलं. तरीही पुढे अर्जात गुन्ह्याबद्दल रकाना आला तर मनानं ‘नाही’ लिहू नका, तो अर्ज भरण्याआधी वकिलाला दाखवा, आणि मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रत जपून ठेवा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पहिल्या तारखेला दादांना एक दिवसाची रजा काढायला सांगा. पोरानं आत जाताना मागे वळून पाहिलं तर बाप तिथे उभा असायला हवा.