रत्नागिरीत केमिस्ट्रीत बीएस्सी करतोय. जुन्या घरांच्या अंतर्भागाचं जतन हे करिअर होऊ शकतं का? सुरुवात कुठून करू?

होऊ शकतं, आणि केमिस्ट्री हा त्यासाठी उत्तम पाया आहे. नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये (पूर्वीची दिल्लीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था) जतन (कॉन्झर्व्हेशन) या विषयात एमए करता येतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलाजतन केंद्र आहे. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षीच्या बघा.

पण कोकणात काम करायचं तर ब्रश हातात घेण्याआधी पाणी ओळखायला शिका. जांभा ओल शोषतो. पागोळ्या भिंतीच्या पायथ्याशी आपटतात, जमिनीतूनही ओल चढते. चुन्याचा गिलावा असेल तोवर ती बाहेर पडून सुकते. मग गणपतीला मंडळी येणार म्हणून पोपडे खरवडून खालचे तीन फूट सिमेंट मारलं जातं, वर ऑइलपेंट. ओल आत कोंडते, आणखी वर चढते आणि भिंतीत बसवलेल्या तुळईच्या टोकाशी पोचते. तुळई मधे खणखणीत, टोकाला नुसता भुसा! म्हणून टोच्या, म्हणजे टोकदार हत्यार, आधी तिथे लावून बघायचा. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकली की कुजवणारी बुरशी धरते; ही ओल मीटरने मोजता येते.

ओलीचं मूळ बंद झाल्यावरच भिंतीतला खार (ओलीबरोबर आलेले क्षार) काढायचा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला कागदाचा लगदा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर जाड थापायचा, पूर्ण सुकू द्यायचा, मग उचलायचा. पाण्यात विरघळलेला खार त्यात ओढला जातो. एकदा करून भागत नाही. गळती चालू असताना केलंत तर सगळी मेहनत फुकट.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जुनं पॉलिश स्पिरिटने पुसणं. चपड्याचं (लाखेचं) पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळतं, मळाबरोबर तेही निघून जातं. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागी, जेमतेम ओलसर कापसाने चाचणी घ्या. फोटो आणि नोंद त्याआधी.

सुट्टीत एखाद्या जुन्या सुताराच्या हाताखाली राहा. सडलेलं टोक तेवढंच कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड देणं हे कॉलेजात हाताला येत नाही, आणि माझ्या मते इथे खरी कमतरता याच कसबाची आहे. आत्ता करण्यासारखं एक काम: ओळखीच्या एका घरात माजघर, माळा आणि पडवी अशा तीन जागी आर्द्रतामापक ठेवा आणि जूनपासून वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ आकडे लिहा. प्रवेशाच्या मुलाखतीला ती वही घेऊन जा.