वर्डप्रेसच्या साइडबारमध्ये कस्टम फील्डवरून त्याच भागातले ताजे लेख कसे दाखवायचे?

तुमचा प्रश्न मला असा समजला: गडकिल्ल्यांच्या भटकंतीचं संकेतस्थळ आहे, प्रत्येक लेखाला तुम्ही ‘डोंगररांग’ हे कस्टम फील्ड (लेखासोबत स्वतःची माहिती लिहायची जागा) दिलंय, पण साइडबारमध्ये, म्हणजे पानाच्या कडेच्या पट्टीत, सगळीकडे तेच शेवटचे पाच लेख येतात. साल्हेर वाचणाऱ्याला शेजारी मुल्हेर, मोरा, हरगड दिसायला हवेत.

हे प्लगइनशिवाय (वर्डप्रेसला वरून जोडायच्या तयार कोडशिवाय) होतं, आणि तसंच करा असं मी म्हणेन. संबंधित लेख आपोआप शोधणारी बरीच प्लगइन्स शीर्षकातले आणि मजकुरातले शब्द जुळवतात. किल्ल्यांच्या लेखांत ‘दरवाजा’, ‘टाकं’, ‘पायथा’ हे शब्द सगळीकडेच असतात, त्यामुळे साल्हेरशेजारी सिंधुदुर्गसुद्धा येऊन बसतो. कोणता गड कोणाचा शेजारी हे तुम्हाला माहीत आहे, यंत्राला नाही. कस्टम फील्ड म्हणजे ते तुमचं ज्ञान डेटाबेसमध्ये लिहून ठेवायची जागा.

माझ्याही संकेतस्थळावर मी हेच केलं, आणि सगळ्यात जास्त वेळ कोडमध्ये गेला नाही, फील्डमधल्या किमती (व्हॅल्यू, म्हणजे फील्डमध्ये लिहिलेला मजकूर) सारख्या करण्यात गेला. एका लेखात ‘अजंठा-सातमाळा’, दुसऱ्यात नुसतं ‘सातमाळा’, तिसऱ्यात ‘अजिंठा सातमाळ’. धोडप, मार्कंड्या, अचला एकाच रांगेतले गड, पण वर्डप्रेसच्या लेखी तीन वेगळ्या रांगा, कारण तिथे अक्षरं जुळली तरच किंमत जुळते. गडांच्या नावांनी जोडायला गेलात तर हा घोळ आणखी वाढतो. तोरण्याला कोणी प्रचंडगड लिहितो, पन्हाळ्याला कोणी पन्हाळगड. फील्डच्या पेटीत आधी वापरलेली फील्डची नावं निवडायला मिळतात, किमती मात्र दर वेळी हातानेच लिहाव्या लागतात. म्हणून रांगांची एक यादी कागदावर करा, प्रत्येकीला छोटं इंग्रजी अक्षरांतलं सांकेतिक नाव द्या आणि फील्डमध्ये तेवढंच लिहा. वाचकाला दिसणारं मराठी नाव कोडमध्ये वेगळं ठेवता येतं.

फील्डची पेटीच दिसत नसेल, तर ब्लॉक एडिटरच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांमधून प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ती चालू करा. पान एकदा पुन्हा लोड होतं. फील्डचं नाव अंडरस्कोरने सुरू करू नका, तसं नाव वर्डप्रेस त्या पेटीत दाखवतच नाही.

आता कोड. फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे देतोय, फाइलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत आणि अंडरस्कोरने जोडून लिहायची. सगळं चाइल्ड थीमच्या (मूळ थीमवर बेतलेल्या, आपले बदल ठेवायच्या वेगळ्या थीमच्या) फंक्शन्स फाइलमध्ये, एका शॉर्टकोडच्या (चौकटी कंसात लिहिला की आपलं फंक्शन चालवणाऱ्या छोट्या नावाच्या) रूपात ठेवा. मूळ थीममध्ये लिहिलेलं पुढच्या अपडेटला पुसलं जातं. शॉर्टकोडने मजकूर ‘एको’ करायचा (तिथल्या तिथे छापायचा) नसतो, ‘रिटर्न’ करायचा (परत द्यायचा) असतो, नाहीतर यादी भलत्याच जागी उमटते. मग विजेटच्या (साइडबारमध्ये ठेवायच्या घटकांच्या) पानावर शॉर्टकोडचा ब्लॉक टाकला की झालं.

आत पहिल्यांदा ‘इज सिंग्युलर’ने बघा की आपण एकट्या लेखाच्या पानावर आहोत का. नसू तर रिकामं परत द्या. मग चालू लेखाचा क्रमांक ‘गेट क्वेरीड ऑब्जेक्ट आयडी’ने घ्या. बरेच जण इथे ग्लोबल पोस्टवर (चालू लेख धरून ठेवणाऱ्या सामाईक जागेवर) विसंबतात, पण साइडबार येईपर्यंत एखाद्या दुसऱ्या विजेटने ती बदललेली असू शकते. तो क्रमांक ‘गेट पोस्ट मेटा’ला द्या, सोबत फील्डचं नाव आणि तिसऱ्या जागी ‘ट्रू’. ते ‘ट्रू’ विसरलात तर एक किंमत न मिळता किमतींची यादी, म्हणजे अख्खा अ‍ॅरे मिळतो.

किंमत रिकामी आली तर तिथेच थांबा. ही पायरी गाळू नका. रिकामी किंमत तशीच पुढे पाठवली तर वर्डप्रेस किमतीची अट सोडून देतं आणि ज्या ज्या लेखाला ते फील्ड आहे ते सगळे उचलतं. वरवर यादी बरोबर वाटते, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

पुढे ‘डब्ल्यूपी क्वेरी’, म्हणजे डेटाबेसकडे लेखांची मागणी. ‘मेटा की’मध्ये फील्डचं नाव, ‘मेटा व्हॅल्यू’मध्ये आत्ता मिळालेली किंमत, ‘पोस्ट्स पर पेज’ 6. सहा अशासाठी की चालू लेखही त्या यादीत येऊ शकतो. यादी छापताना तो आला असेल तर गाळायचा आणि पाच झाले की थांबायचं. ‘पोस्ट नॉट इन’ वापरूनही तो वगळता येतो (त्यात ‘पोस्ट’नंतर दोन अंडरस्कोर असतात), पण मग प्रत्येक लेखाची क्वेरी वेगळी होते. सहावाली क्वेरी एका रांगेच्या सगळ्या लेखांना सारखीच राहते, त्यामुळे उत्तर ट्रान्झिएंटमध्ये (वर्डप्रेसच्या तात्पुरत्या साठ्यात) 12 तास साठवून त्या रांगेच्या सगळ्या लेखांवर वापरता येतं. नवा लेख टाकला की ‘सेव्ह पोस्ट’च्या हुकवर (लेख जतन होताना वर्डप्रेस आपलं फंक्शन चालवतं त्या जागी) तो ट्रान्झिएंट पुसून टाका. ‘इग्नोर स्टिकी पोस्ट्स’ ट्रू ठेवा, नाहीतर पहिल्या पानावर चिकटवलेला लेख रांग जुळत नसतानाही या यादीच्या डोक्यावर येऊन बसतो. पानांची मोजणी नको म्हणून ‘नो फाउंड रोज’ही ट्रू. क्रम वेगळा सांगायची गरज नाही, नवा लेख आधी हा मुळातलाच क्रम आहे. शेवटी ‘डब्ल्यूपी रीसेट पोस्टडेटा’, म्हणजे चालू लेख पुन्हा मूळ जागी येतो.

नुसते संबंधित लेख न दाखवता ताजे दाखवायचे, हा तुमचा आग्रह मला फार पटला. एप्रिलमध्ये वरच्या टाक्यात पाणी आहे का, पावसात कोणती वाट ढासळली, हे पाच वर्षांपूर्वीच्या लेखात शोधून कोणी गडावर जाऊ नये. म्हणून प्रत्येक नावाखाली तारीखही छापा. आणि त्या रांगेत एकच दुसरा लेख असेल तर एकच दाखवा. जागा भरायला इतर लेख घुसवलेत तर ‘याच रांगेतले’ या मथळ्यावर वाचक विश्वास ठेवणार नाही.

एक लेख दोन रांगांत मोडत असेल तर स्वल्पविराम देऊन एकाच फील्डमध्ये दोन नावं कोंबू नका. त्याच नावाचं फील्ड दुसऱ्यांदा जोडा, वर्डप्रेस ते चालवतं. अशा वेळी ‘गेट पोस्ट मेटा’ला ‘ट्रू’ न देता सगळ्या किमती घ्यायच्या आणि ‘मेटा क्वेरी’मध्ये तुलना ‘इन’ (यांपैकी कोणतीही किंमत चालेल) ठेवायची.

पोस्टमेटाच्या तक्त्यात (डेटाबेसमध्ये कस्टम फील्ड साठतात तिथे) फील्डच्या नावाला इंडेक्स (पटकन शोधायची सूची) असतो, किमतीला नसतो. काही शे लेखांना हे जाणवणारही नाही. पण हजारोंनी लेख होणार असतील, किंवा प्रत्येक रांगेचं स्वतंत्र पान हवं असेल, तर आत्ताच कस्टम टॅक्सॉनॉमी (लेखांचं स्वतःचं वर्गीकरण) करा. तिथे नावं यादीतून निवडता येतात, म्हणजे सातमाळ्याचा घोळही होत नाही. उंची, पायथ्याचं गाव, चढाईला लागणारा वेळ या गोष्टी कस्टम फील्डमध्येच शोभतात.

झाल्यावर चार पानं उघडून बघा: साल्हेरचा लेख, फील्ड न भरलेला एखादा लेख, दोन रांगांतला एक लेख आणि मुखपृष्ठ. दुसऱ्या किंवा चौथ्या पानावर ही यादी दिसली, तर वरच्या दोन तपासण्यांपैकी एक सुटली आहे.