घरी बिनचूक, मांडवात भरकटतो

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. त्याचा लाइन फॉलोअर (रेषेवरून आपोआप चालणारा रोबो) घरी पांढऱ्या कार्डशीटवरच्या काळ्या टेपवरून छान धावतो. आंतरशालेय स्पर्धेत मात्र दुपारी मांडवात, फ्लेक्सच्या ट्रॅकवर पहिल्याच वळणाला बाहेर गेला. दोनदा मध्येच थांबून आपोआप सुरू झाला. आर्डुइनो उनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), एल२९८एन ड्रायव्हर (मोटरींना वीज पुरवणारा बोर्ड), दोन पिवळ्या बीओ मोटरी, दोन आयआर म्हणजे इन्फ्रारेड सेन्सर आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आहे. कोड चुकला असेल का?
— एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, कोडला हात लावण्याआधी बॅटरी बदला. थांबून पुन्हा सुरू होणं म्हणजे बहुतेक वेळा वीज कमी पडून आर्डुइनो रीसेट होणं. चौकोनी बॅटरी मल्टिमीटरला पुरते, मोटरींना नाही. दोन्ही मोटरी सुटताना किंवा वळणावर अडताना मिळून १ अँपियरच्या पुढे मागू शकतात; तेवढं देताना तिचा व्होल्टेज कोसळतो. वर एल२९८एन स्वतःच २ व्होल्टच्या आसपास खातो. त्याऐवजी १८६५०चे दोन सेल (रिचार्ज होणारे लिथियम-आयन सेल) सिरीजमध्ये लावा : भरल्यावर ८.४ व्होल्ट, मोटरींपर्यंत साधारण ६. दोन्ही सेल एकाच जातीचे, सारखे चार्ज झालेले हवेत. जोडी ७ व्होल्टवर आली की चार्जिंगला लावा. हे सेल शॉर्ट झाले तर आग लागते, म्हणून सुटे खिशात किंवा दप्तरात टाकू देऊ नका. ड्रायव्हर आणि आर्डुइनोचा ग्राउंड (जीएनडी पिन) एकमेकांना जोडलाय ना, तेही बघा. ही वायर हमखास राहते.

वळणावर बाहेर जाण्याचं कारण वेगळं. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, ते थेट सेन्सरमध्ये शिरतं. फ्लेक्स चकाकतो, आणि छापलेली काही काळी शाई डोळ्यांना काळी दिसली तरी इन्फ्रारेड परतवते. म्हणून काळं-पांढरं ओळखण्यासाठी घरी टेपवर फिरवून ठेवलेला सेन्सरवरचा स्क्रू तिथे चुकीचा ठरतो. सेन्सर जमिनीपासून ५ ते १० मिलिमीटरवर ठेवा, भोवती काळ्या कार्डशीटची झालर लावा. चार पिनांच्या सेन्सर मॉड्यूलवर एओ (अ‍ॅनालॉग आउटपुट) पिन असते. ती आर्डुइनोच्या अ‍ॅनालॉग पिनला जोडा. समजा पांढऱ्यावर ८० आणि काळ्यावर ८२० आकडा आला, तर काळं-पांढरं ठरवायची सीमा मधोमध, ४५०. हा आकडा कोडमध्ये कायमचा लिहू नका. सुरू होताच ५ सेकंद रोबो रेषेवर डावी-उजवीकडे फिरवून सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं वाचन नोंदवायचं, मधला आकडा त्यानेच काढायचा. तीन पिनांच्या मॉड्यूलमध्ये ही सोय नसते; तिथे स्क्रूच फिरवावा लागतो, तोही प्रत्यक्ष ट्रॅकवर. सराव रात्री ट्यूबलाइटखाली झाला असेल, तर आता दुपारी गच्चीवर फ्लेक्सच्या तुकड्यावर करू द्या.

पुढच्या वर्षी पाच सेन्सर आणि पीआयडी, म्हणजे रोबो रेषेपासून किती सरकला त्या प्रमाणात वळण देणारी कोडची पद्धत. तिच्यात केपी, केआय, केडी असे तीन आकडे जुळवायचे असतात. आधी केआय, केडी शून्य ठेवून रोबो रेषेवर डुलायला लागेपर्यंत केपी वाढवायचा, मग डुलणं थांबेपर्यंत केडी. केआय बहुधा लागतच नाही.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची आहे. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडमध्ये एकटीला भाग घेता येतो का?
— एक पालक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नाही. दोन किंवा तीन मुलांचा संघ लागतो, सोबत एक प्रौढ प्रशिक्षक. या स्पर्धेतल्या रोबोमिशन या प्रकाराच्या एलिमेंटरी गटात ८ ते १२ वर्षांची मुलं असतात. सुटण्यापूर्वी रोबो २५ सेंटिमीटर लांबी, रुंदी, उंचीत मावला पाहिजे. वायरीही त्यातच धरतात आणि नेमक्या त्याच बाहेर लोंबतात. स्पर्धेच्या दिवशी एक नवा नियम ऐनवेळी सांगतात, आणि प्रशिक्षकाला रोबोला हात लावता येत नाही. त्यामुळे संघातल्या किमान दोघींना कोड बदलता येत असावा.